पाटल्या तारण ठेवण्याआधी शाळेकडून लेखी घ्या

प्रश्न : मी वाईला राहते आणि पाचगणीतल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत गणित शिकवते. वय ३८, एमएस्सी, बीएड. पगार हातात ५८ हजार. मिस्टरांचं कृषी सेवा केंद्र आहे, त्याचं उत्पन्न हंगामावर. मुलगी नववीत. मला एका ब्रिटिश विद्यापीठाचा वर्षभराचा ऑनलाइन पीजीसीई (शिक्षकांसाठीचं पदव्युत्तर प्रमाणपत्र) कोर्स करायचाय. खर्च साडेपाच लाख. पतसंस्थेतली, मार्चमध्ये मुदत संपणारी ३ लाखांची ठेव मोडायची आणि पाटल्यांवर अडीच लाखांचं सोनेतारण कर्ज काढायचं, असा विचार आहे. कोर्सनंतर कोऑर्डिनेटर झाले तर महिना १२ हजार वाढतील, पुढे दुबईलाही जाता येईल. एजंट म्हणतो की या कोर्सनं क्यूटीएस मिळतं, आणि शैक्षणिक कर्ज काढलं तर आयकरात सूटही मिळते. करू का?

उत्तर : ताई, रोज पसरणीचा घाट चढून-उतरून, घर सांभाळून पुन्हा अभ्यासाला बसायची तुमची तयारी आहे, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. शिकाच. पण या वर्षी, या पैशातून हा कोर्स घेऊ नका.

आधी एजंटच्या बोलण्याकडे वळू. क्यूटीएस म्हणजे इंग्लंडमधला मान्यताप्राप्त शिक्षकाचा दर्जा. परदेशात बसून केलेल्या ऑनलाइन पीजीसीईनं तो आपोआप मिळत नाही. त्यासाठी आयक्यूटीएस नावाचा वेगळा कोर्स आहे आणि त्यात प्रत्यक्ष वर्गातल्या अध्यापनाचं मूल्यमापन होतं. तुमच्यासाठी तर याहून जवळची वाट आहे. फेब्रुवारी २०२३ पासून भारतात शिक्षक झालेल्यांना इंग्लंडच्या शिक्षण विभागाकडे क्यूटीएससाठी थेट अर्ज करता येतो. आपल्याकडच्या शिक्षकांसाठी ही सोय गणित, विज्ञान आणि भाषा या विषयांपुरती आहे, तीही ११ ते १६ वयाच्या मुलांना शिकवण्याची पात्रता असलेल्यांना. तुमचा विषय गणित, बीएड झालेलं, अनुभव आहे. इंग्रजीचा पुरावा आणि इतर कागदपत्रं लागतील, पण त्यासाठी लाखोंचा कोर्स लागत नाही. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या बऱ्याच शाळा क्यूटीएस बघतात, त्यामुळे दुबईचं मनात असेल तर पहिलं काम हा अर्ज. शैक्षणिक सल्ला द्यायला बसलेल्या माणसानं हे तुम्हाला सांगायलाच हवं होतं.

पीजीसीई वाया जातो असं मी म्हणत नाही. अनेक विद्यापीठं त्याला मास्टर्सची ६० क्रेडिट्स देतात आणि वर्गातल्या शिकवण्यालाही त्याचा फायदा होतो. फक्त तो तुम्हाला ज्या कारणासाठी विकला जातोय, ते कारण खरं नाही.

आयकराचं तर एका वाक्यात सांगता येईल. तुमचं उत्पन्न वर्षाला साधारण ७ लाख. नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही, आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट फक्त जुन्या प्रणालीत मिळते. जो कर भरायचाच नाही, त्यात सूट कसली?

आता खरा हिशेब. साडेपाच लाख घातले आणि महिना १२ हजार वाढले, म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार. नुसतं मुद्दल सुटायला पावणेचार वर्षांवर लागतात. सोनेतारण कर्जावर १० टक्के व्याज धरलं तर वर्षाला २५ हजार. मोडलेल्या ठेवीवरचं ७ टक्क्यांनी गेलेलं व्याज २१ हजार. शिवाय कोर्सचं एक वर्ष, ज्यात पगार वाढणार नाही. सगळं धरून पाच वर्षांहून जास्तच म्हणा.

आणि मुलगी नववीत आहे. साडेतीन-चार वर्षांत तिची बारावी होईल. इंजिनीअरिंग असो, फार्मसी असो की पुण्याला हॉस्टेलवर ठेवून बीएस्सी असो, पहिल्या वर्षाची फी आणि डिपॉझिट नेमकं तेव्हा भरायचं असेल जेव्हा तुमचे पैसे अजून सुटलेले नसतील, आणि कदाचित पाटल्याही बँकेतच असतील. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. मिस्टरांचं उत्पन्न पावसापाण्यावर, म्हणजे ही ३ लाखांची ठेवच तुमच्या घराचा अडीअडचणीचा पैसा आहे. घरखर्च महिना ४० हजार धरला तर सहा महिन्यांचे २ लाख ४० हजार होतात. ती ठेव शिक्षणासाठी मोडायची नाहीच.

तुम्ही पाठवलेल्या फी-पत्रकाच्या फोटोत खालच्या ओळी वाचल्यात का? फी पौंडात आहे, तीन हप्त्यांत. साडेपाच लाख हा एजंटनं आजच्या दरानं केलेला आकडा आहे. पौंड वधारला की दुसरा-तिसरा हप्ता वाढणार. प्रवेश निश्चित करायची रक्कम परत मिळत नाही. असाइनमेंट नापास झाली तर पुन्हा सादर करायची फी वेगळी. क्रेडिट कार्डानं भरलंत तर बहुतेक कार्डं परकीय चलनावर साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकार लावतात. बँकेतून पाठवलेत तर वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर) कापला जात नाही, एवढा एक दिलासा.

मला पत्रात सगळ्यात अडलं ते ‘कोऑर्डिनेटर झाले तर’ या शब्दांशी. कोण करणार, कधी, किती पगारावर? प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये चहा पिताना म्हटलेलं वाक्य साडेपाच लाखांना पुरत नाही. त्यांना एक अर्ज द्या : मी अमुक कोर्स करू इच्छिते, शाळा निम्मा खर्च उचलेल का, आणि पूर्ण केल्यावर कोणतं पद आणि वेतन देईल. हे मागण्यात काही कमीपणा नाही. शिक्षक घडवणं हा शाळेचाही खर्च आहे. आयबीची (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाची) मान्यता घ्यायची तर शाळेला शिक्षकांना ठरावीक प्रशिक्षण द्यावंच लागतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शिक्षक आणि मुख्याध्यापकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. शाळा पैसे देऊन दोन-तीन वर्षांचा बाँड मागेल. तिथंच राहायचं असेल तर हरकत नाही, पण मध्येच सोडल्यास परत करायची रक्कम दर वर्षी कमी होत जाते का, ते बघूनच सही करा. दुबईचा विचार पक्का असेल तर बाँडमध्ये अडकू नका.

शाळेनं नकार दिला तर? तेही उत्तरच आहे. मग वाढीव १२ हजारांचा आकडा हिशेबातून काढून टाका.

कोऑर्डिनेटर, उपप्राचार्य हा रस्ता इथंच धरायचा असेल तर स्वस्तात बरंच शिकता येतं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका आपल्या भागातल्या कितीतरी मुख्याध्यापकांनी नोकरी सांभाळून केली आहे. इग्नूची शैक्षणिक व्यवस्थापन आणि प्रशासनातली पदव्युत्तर पदविका आहे. दीक्षा आणि स्वयम् या सरकारी ऑनलाइन मंचांवरचे कोर्स शिकायला मोफत आहेत. परदेशी शाळेत यांचं वजन ब्रिटिश पीजीसीईएवढं नसेल, हे मान्य. पण वेळापत्रक लावणं, पालकांना सामोरं जाणं, दुसऱ्याच्या तासाला बसून नेमका अभिप्राय देणं ही कामं आपल्याला आवडतात का, हे थोडक्या पैशात कळतं. उत्तम शिकवणाऱ्या कितीतरी बाई कोऑर्डिनेटर झाल्या की वर्गापासून तुटतात आणि झुरतात.

आणि पीजीसीईच करायचा असेल, तर पुढच्या वर्षीच्या प्रवेशाला करा. आजपासून दर महिना ९ हजारांची आवर्ती ठेव सुरू करा. १८ महिन्यांत १ लाख ६२ हजार आणि वर थोडं व्याज जमेल. शाळेनं निम्मे दिले तर तुमच्या वाट्याचे पावणेतीन लाख उरतात, म्हणजे लाखभराचीच सोय करायची राहील. तेवढ्यासाठी सोनेतारण चालेल, पण बँकेकडून आणि वर्षभरात फिटेल असं. पाटल्या दोन असतील तर एकच ठेवा.

ठेवीबद्दल एक शेवटचं, कोर्स करा वा न करा. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँक धरून, ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. सातारा-सांगलीकडे आपण ओळखीवर आणि अर्धा-एक टक्का जास्त व्याजावर पतसंस्थेत पैसे ठेवतो. संचालक कितीही घरचे असले तरी अडीअडचणीचा सगळा पैसा तिथं एकगठ्ठा नको. ठेवीची मुदत मार्चमध्ये संपते असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा २ लाख तरी बँकेत हलवा. तोवर शाळेचं उत्तर आलं तर पुन्हा लिहा, हप्त्यांची मांडणी मग करू.