प्रत्येक हाकेची एक पावती

प्रश्न : ताई, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि आमच्या कॉर्पोरेशन कॉलनीत घराघरांत पाणी शिरलं. वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपर्यंत चारशेच्या वर मेसेज होते. मागच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या आजींचा निरोपही त्यातच होता. तो आमच्या नजरेस दुपारी पडला. तोवर आजी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाय वर घेऊन बसून होत्या. आता आम्ही दहा-बारा पोरंपोरी मिळून एक ॲप बनवायचं म्हणतो. ते कसं असावं?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ॲप सध्या राहू द्या. तुमची तळमळ मला पोचली, म्हणूनच आधी माझं ऐका.

मी टेलिफोन खात्यात ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे कॉल हाताने जोडून देतात तिथे, ऑपरेटर होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि त्या दिवशी लातूर-उस्मानाबादकडे कॉल मागणाऱ्यांची रीघ लागली. लाइन मिळता मिळेना. पलीकडे कुणाची तरी बहीण रडत असायची आणि आमच्या हातात असायचं फक्त एक कागदी तिकीट : कोणी मागितला, कोणता नंबर, किती वाजता. कॉल लागला की त्यावर वेळ टाकायची, मगच तिकीट बाजूला. नाही लागला, तर तिकीट समोरच राहायचं. ड्युटी संपली तर पुढच्या ऑपरेटरच्या हातात देऊन उठायचं. तुमच्या ग्रुपवर चारशे मेसेज होते, पण तिकीट एकही नव्हतं. आजींचा निरोप सगळ्यांचा होता, म्हणून तो कुणाचाच झाला नाही.

मोठ्या आपत्तींतही लोकांनी शेवटी नोंदवहीच उभी केली. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेतल्या संगणकवाल्या स्वयंसेवकांनी ‘सहाना’ नावाची प्रणाली घडवली. तिच्यात काय होतं? बेपत्ता माणसांची नोंद, छावण्यांची नोंद, कोणती संस्था कुठे काय देते याची नोंद. केरळात ऑगस्ट २०१८ च्या पुरात सरकारी आयटी मिशन आणि तरुण स्वयंसेवकांनी मिळून मदत मागण्याचं संकेतस्थळ चालवलं. मच्छीमार ट्रकवर होड्या लादून आले, हे सगळ्यांनी पाहिलं. पण घरी बसून एकेका नंबरावर फोन लावणारी, ‘तुम्ही अजून अडकलेले आहात का?’ असं विचारणारी पोरंही तेवढ्याच कामाची होती. सुटका झालेल्या घराचा मेसेज फिरतच राहतो, आणि त्यापायी दुसऱ्या घराची होडी चुकते.

तुमच्याकडे याला लागणारं सामान आहेच. ती पहाट गणेशोत्सवातलीच होती ना? मंडळाची वर्गणीची पावतीपुस्तकं आठवा. क्रमांक छापलेला, एक भाग फाडून द्यायचा, एक पुस्तकातच राहायचा. अगदी तसंच एक पुस्तक मदतीसाठी छापून घ्या. पावतीवर नाव, प्लॉट नंबर, कोणता मजला, घरात किती माणसं, आजारपण काय, मदतीला कोण निघालं आणि किती वाजता पोचलं. ही शेवटची वेळ पडेपर्यंत पावती उघडी. ग्रुपवर कुणीही काहीही लिहो, दोघांनी फक्त वाचायचं आणि पावती करायची. हे दोघं चिखलात उतरणार नाहीत, ही अट पाळाच. पुरात सगळ्यांनाच धावायचं असतं, वाचणारं कुणी उरत नाही.

कागद का, तर वीज बंद होते, मोबाइल टॉवरची बॅटरी काही तासांत बसते. २००४ मध्ये अंदमानातून बातमी बाहेर काढायला हॅम रेडिओवालेच, म्हणजे हौसेनं परवाना काढून स्वतःचा बिनतारी संच चालवणारे, कामी आले होते. आसपास कुणाकडे हॅमचा परवाना असेल तर ओळख करून ठेवा.

तंत्रज्ञानाची हौस आहे ना, मग नकाशा करा. जानेवारी २०१० च्या हैतीच्या भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी घरी बसून, उपग्रहाची चित्रं पाहून तिथल्या राजधानीचे, पोर्ट-ओ-प्रिन्सचे, रस्ते ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या इंटरनेटवरच्या नकाशावर काढले आणि मदत पथकांनी ते वापरले. तुम्हाला तर उपग्रहही नको, पायी फिरा. कुठे पाणी आधी चढतं, कुठली भिंत आडवी येते, कोणाच्या गच्चीवर जाता येतं, हे त्याच नकाशावर टाका आणि दोन मोठ्या प्रती छापून ठेवा.

एक मात्र बजावते. एकट्या म्हाताऱ्या माणसांची यादी ग्रुपवर टाकू नका. एरवीच्या दिवसांत ती चोराच्या हाती लागली तर काय होईल! ती दोघांकडेच राहू द्या. आणि वाहत्या पाण्यात कुणी उतरायचं नाही. ११२ ला फोन करा, होडी घेऊन येणाऱ्या पथकाला पावती वाचून दाखवा. नेमका प्लॉट, नेमका मजला कळला की त्यांचा अर्धा वेळ वाचतो.

येत्या रविवारी सुरुवात करा. पहिली पावती त्या आजींच्या नावाची फाडा. त्यांच्याकडे बसून चहा घ्या आणि विचारा, रात्री फोन कुठे ठेवता, जिना चढवतो का, आणि दाराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे.