मुलगा ‘धार्मिक’ आहे, म्हणजे नेमका कसा?

प्रश्न : स्थळ सुचवणाऱ्या नातेवाइकांनी ‘मुलगा धार्मिक आहे’ एवढे सांगताच, घरात सोवळेओवळे आणि उपासतापास असणारच, असे गृहीत धरून माझ्या मुलीने भेटीलाही नकार दिला. तिला काय सांगू?

उत्तर : ताई, तिची भीती अनाठायी नाही, या शब्दाआड सुनेवरची बंधने दडलेली मीही पाहिली आहेत. पण दिवसा खराट्याने गाव झाडणारे आणि रात्री कीर्तनातून पशुबळी, दारू व अस्पृश्यतेवर तुटून पडणारे गाडगेबाबा (१८७६-१९५६) हेही धार्मिकच होते. म्हणून तिने मुलाला एकदा भेटावे आणि स्पष्ट विचारावे : पाळीच्या दिवसांत मी स्वयंपाकघरात वावरलेले चालेल का, वटपौर्णिमेचा उपास धरला नाही तर घरात काय होईल, आणि त्या वेळी तुम्ही काय बोलाल?