'पक्षिश्रोणी' की 'पक्षिकटी'?

फोंड्याच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, शाळेच्या हस्तलिखितातील लेखात 'ऑर्निथिस्किया' या डायनासोरगटाला 'पक्षिकटी' म्हणावे की 'पक्षिश्रोणी', आणि या नावामुळे पक्षी याच गटातून निपजले असा मुलांचा समज होणार नाही ना.

माझा कौल 'पक्षिश्रोणी'ला आहे. कटी म्हणजे कंबर, विठोबाचे हात असतात ती. बोलीतले पेकाटही त्याच भागातले. येथे मात्र अभिप्रेत आहे तो कमरेखालचा, पाय जिथे जोडलेले असतात तो हाडांचा सांगाडा, आणि त्यासाठी शरीरशास्त्रात श्रोणी हा शब्द रुळलेला आहे. ब्रिटिश पुराजीवशास्त्रज्ञ हॅरी सीली यांनी १८८७ मध्ये डायनासोरांची विभागणी केली ती या सांगाड्यावरूनच. एका गटात जघनास्थी (प्यूबिस) हे श्रोणीचे हाड खाली व पुढे झुकलेले असते आणि आसनास्थी (इस्कियम) हे दुसरे हाड मागे जाते, त्यामुळे बाजूने पाहिल्यास दोहोंमध्ये मोठी फाक दिसते. दुसऱ्या गटात जघनास्थी मागे वळून आसनास्थीला जवळजवळ समांतर येते. पक्ष्यांतही तशीच ठेवण असल्यामुळे या दुसऱ्या गटाला ते नाव मिळाले. पहिल्याला, म्हणजे 'सॉरिस्किया'ला, 'सरीसृपश्रोणी' म्हणण्यापेक्षा 'सरटश्रोणी' (सरट म्हणजे सरडा) म्हणावे, कारण सरीसृप तर सगळेच डायनासोर आहेत.

समजाविषयीची शंका रास्त आहे. 'पक्ष्याच्या श्रोणीसारखी श्रोणी असलेला' असा हा बहुव्रीही समास साम्य सांगतो, वंश सांगत नाही. पक्षी उत्क्रांत झाले ते सरटश्रोणी गटातील, दोन पायांवर चालणाऱ्या थेरोपॉड डायनासोरांपासून, आणि पक्ष्यांचे जघनास्थी स्वतंत्रपणे मागे वळले. पक्षिश्रोणी गटाची खरी खूण जबड्यात आहे: खालच्या जबड्याच्या टोकाशी, दातांच्या पुढे, एक बिनदाताचे जादा हाड. त्यावरून अमेरिकी पुराजीवशास्त्रज्ञ ओथनिएल मार्श यांनी १८९४ मध्ये 'प्रीडेंटाटा' हे नाव सुचवले होते, आणि माझ्या मते तेच अधिक नेमके होते. पण सीली यांचे नाव आधीचे, तेच टिकले.

'शाकाहारी डायनासोर' हा पर्यायी शब्द म्हणून मात्र वापरू नये. लांब मानेचे अजस्र सॉरोपॉड शाकाहारी असूनही सरटश्रोणी आहेत; उलट पक्षिश्रोणींतल्या हेटरोडोंटोसॉरससारख्या लहान प्राण्यांना सुळे होते आणि ते अधूनमधून मांसही खात असावेत, असे काही अभ्यासक मानतात. पक्षिश्रोणींत विविधता केवढी, तर पाठीवर उभ्या तकटांचा स्टेगोसॉरस, अंगभर हाडांचे चिलखत असलेला अँकिलोसॉरस, शिंगांचा ट्रायसेराटॉप्स, जाड कवटीचा पॅकिसेफॅलोसॉरस, आणि शेकडो दातांच्या गच्च रांगांनी पाला दळणारे बदकचोचे हॅड्रोसॉर. २०१७ मध्ये तीन संशोधकांनी पक्षिश्रोणींना थेरोपॉडांचे जवळचे आप्त ठरवणारी नवी मांडणी केली. ती मान्य झाली तरी पक्षिश्रोणी हा गट तसाच राहतो, बदलतो तो त्याचा शेजार.

लेखनाबद्दल एवढेच, की मूळ शब्द 'पक्षिन्' असल्याने समासात 'क्षि' ऱ्हस्व राहतो, जसा पक्षिमित्र या शब्दात. गोव्यातील चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्याच्या नावात तो दीर्घ लिहितात, कारण तेथे 'पक्षी' हा शब्द सुटा ठेवला आहे.