ड्रायपोर्टच्या शेजारच्या गावांनी आधी काय करावं?

प्रश्न : सर, नमस्कार. जालन्याजवळ दरेगाव-जवसगाव शिवारातला ड्रायपोर्ट, म्हणजे समुद्रापासून लांब कंटेनर चढवायचं-उतरवायचं कोरडं बंदर, आमच्या गावापासून जवळ आहे. बचत गटाच्या बैठकीत हल्ली हाच विषय निघतो. कंटेनरच्या गाड्या वाढल्या तर शाळेच्या पोरांनी रस्ता कसा ओलांडायचा? धूळ कपाशीवर, मोसंबीवर बसली तर भरपाई कोण देणार? भरावामुळं ओढ्याचं पाणी तुरीत शिरलं तर जायचं कोणाकडं? ड्रायपोर्ट ज्यांचा, त्या जवाहरलाल नेहरू बंदराचं मुख्य ऑफिस तर तिकडं उरणला. गावात काही जण रास्ता रोको करा म्हणतात, काही जण म्हणतात गप्प बसा, पोरांना नोकऱ्या लागतील. आम्हाला काम बंद पाडायचं नाही. पण आमचं म्हणणं ऐकायला लावायचं कसं?
– एक वाचक भगिनी, ता. बदनापूर

उत्तर : ताई, पहिलं काम मोबाइलच्या कॅमेऱ्याचं आहे आणि ते पावसाळ्याच्या आत उरका.

मी मंडळ अधिकारी असताना दुधना नदीकाठच्या एका गावात पंचनाम्याला गेलो होतो. एका कंत्राटदारानं गोदामासाठी भराव घातला होता आणि ओढ्यावर सिमेंटचे पाइप टाकून मोरी केली होती. पाइपाचा तळ ओढ्याच्या तळापेक्षा हातभर वर. पाणी पाइपात चढायच्या आधीच मागं फिरायचं आणि तुरीत तुंबायचं. खोडाला हात लावला की साल सुटून यायची, इतकी मूळकूज लागलेली. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, इथं पहिल्यापासूनच पाणी साचतं. शेतकऱ्यांकडं भराव पडण्याआधीचा एकही फोटो नव्हता. पंचनाम्यात मला दोघांचंही म्हणणं लिहावं लागलं आणि भरपाई तिथंच अडली. ज्या म्हातारीची तूर गेली, तिचा चेहरा मला आजही आठवतो.

म्हणून आजच्या तारखेचे फोटो काढून ठेवा. तारीख आणि ठिकाण फोटोवर उमटतं असं ॲप गावातल्या कुठल्याही पोराच्या फोनवर असतं. ओढे, मोऱ्या, विहिरींचं पाणी, शाळेसमोरचा रस्ता, पाणंदी, सगळं घ्या. सोबत भूमी अभिलेखच्या कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढा. त्यात गाडीरस्ता दुहेरी तुटक रेषेनं आणि पायवाट एकेरी तुटक रेषेनं दाखवलेली असते. ‘इथं रस्ता नव्हताच’ हे वाक्य ती नक्कल समोर ठेवली की बोलता येत नाही. मग हे सगळं ग्रामसभेत मांडून ठरावाला जोडा.

आता कोणाकडं जायचं ते. माझ्या नोकरीत मी शेकडो निवेदनं पाहिली. एकाच कागदावर धूळ, रस्ता, नोकऱ्या, पाणी, स्मशानभूमी, आणि वर पाच साहेबांची नावं. असा कागद पाचही टेबलांवरून फिरतो आणि कोणीच तो आपला मानत नाही. एका कागदावर एकच विषय ठेवा आणि तो ज्याचा आहे त्यालाच द्या. धूळ आणि आवाज प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं. वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे 10 ते 6. धुळीनं पिकाचं नुकसान दिसलं तर खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञाला बोलावून त्याचं मत लेखी घ्या, नुसती पानं दाखवून भागत नाही. ओढा किंवा वहिवाटीचा रस्ता कोणी कंत्राटदारानं अडवला तर तहसीलदाराकडं, मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली. पण हा अर्ज अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. पुढच्या हंगामात बघू म्हणणारे इथंच हरतात.

बंदर प्राधिकरणाकडं मागायचं ते वेगळं. गाड्या गेटातून कोणत्या वेळेला सुटतील, कोणत्या रस्त्यानं जातील, कंत्राटदारानं पाणी किती वेळा मारायचं, हे त्यांच्या आणि कंत्राटदाराच्या हातात असतं. शाळा भरताना आणि सुटताना गावातून हायवा आणि कंटेनर नकोत, ही मागणी पहिल्या पत्रात एकटीच लिहा. ती मोजता येते, आणि पाळली की मोडली हे शाळेच्या दारात उभं राहून कळतं.

जालन्याच्या ड्रायपोर्टची पायाभरणी डिसेंबर 2015 मध्ये झाली. तो जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा, म्हणजे केंद्राच्या कक्षेतला. 2021 च्या महा बंदर प्राधिकरण कायद्यानं त्यांच्या मंडळात राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण, सीमाशुल्क यांचे प्रतिनिधी, स्वतंत्र सदस्य आणि कामगारांचे दोन प्रतिनिधी बसतात. शेजारच्या गावाला खुर्ची नाही. मला हे खटकतं आणि ते बदलायला हवं. तोवर राज्याच्या प्रतिनिधीपर्यंत तुमचा विषय जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पोचवा. माहिती अधिकारात अर्ज कराल तेव्हा ध्यानात ठेवा, तहसीलला चालतं ते 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट केंद्राच्या कार्यालयाला चालत नाही. पोस्टल ऑर्डर लावा किंवा ऑनलाइन भरा. उत्तराला 30 दिवस. प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी असेल तर मंजुरीचं पत्र आणि 1 जून, 1 डिसेंबरला द्यायचे अट-पालनाचे अहवाल मागा. त्या अटी वाचल्यावर तुमच्या अर्ध्या मागण्या तिथं आधीच लिहिलेल्या सापडू शकतात.

रास्ता रोकोबद्दल माझं मत स्पष्ट सांगतो. उरणच्या शेतकऱ्यांनी जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी लढा दिला, पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व पुढं आलं. त्या माणसांबद्दल मला अपार आदर आहे. पण तिथलं न्हावा-शेवा बंदर, म्हणजेच जवाहरलाल नेहरू बंदर, 1989 मध्ये सुरू झालं आणि तिथल्या प्रकल्पग्रस्तांना भूखंडाची इरादापत्रं, म्हणजे भूखंड देऊ अशी लेखी हमी, मिळायला 2014 उजाडलं. तुम्ही आंदोलन करा न करा, जे कबूल होईल ते तारखेसकट कागदावर घ्या.

त्यासाठी दर महिन्याला ठरलेल्या दिवशी बैठक मागा : प्राधिकरण, कंत्राटदार, तहसील, प्रदूषण मंडळ आणि आजूबाजूच्या गावांचे लोक, त्यात निम्म्या बाया. इतिवृत्त त्याच दिवशी लिहून सह्या घ्या. अमेरिकेत लॉस एंजेलिस बंदराशेजारी सॅन पेड्रो आणि विल्मिंग्टन या वस्त्या आहेत. तिथं 2001 मध्ये रहिवाशांची सल्लागार समिती झाली. पण त्याच साली एका नव्या टर्मिनलचा परिणाम नीट न तपासताच काम चालू असल्याचं दाखवून रहिवासी कोर्टातही गेले. 2003 मध्ये सुमारे 5 कोटी डॉलरची तडजोड झाली, उभ्या जहाजांना धक्क्यावरून वीज देणं आलं. ऑक्टोबर 2008 पासून 1989 च्या आधीचे ट्रक त्या बंदरात बंद झाले. समितीत बसायचं आणि कागदही हातात ठेवायचे, दोन्ही त्यांनी केलं.

गावातल्या दोन गटांना तुमचा बचत गटच एका जागी बसवू शकेल असं मला वाटतं. नोकरी हवी असणाऱ्याच्या घरातलं पोरही त्याच रस्त्यानं शाळेत जातं.

प्रश्न : माझा मुलगा बारावी झाला. ड्रायपोर्टमध्ये कामं निघाली तर त्यानं काय शिकावं?
– एक पालक, जालना

उत्तर : कंटेनर डेपोत उचलयंत्र चालवणारे, वीजतंत्री, डिझेल मेकॅनिक आणि सीमाशुल्काची कागदपत्रं करणारे लागतात. आयटीआयचा डिझेल मेकॅनिक किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेड धरा. जड वाहनाचा परवाना हवा असेल तर हलक्या वाहनाचा आजच काढून ठेवा. जड वाहनासाठी तो वर्षभर जुना लागतो आणि वय 20 पूर्ण असावं लागतं. 2021 च्या कायद्यात प्राधिकरणाला कौशल्य प्रशिक्षणावर खर्च करता येतो. बदनापूरच्या ताईंच्या गावांची बैठक सुरू झाली तर जालन्यात प्रशिक्षण वर्ग काढण्याची मागणी तिथं नोंदवून घ्या. पैसे द्या, नोकरी लावतो म्हणणाऱ्या कुठल्याही माणसाला एक रुपया देऊ नका.