परदेशी मंडळीशी मैत्री : पैशाआधी पत्रं

प्रश्न : आमची मंडळी (गावातलं चर्च) चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, मूळ परंपरा अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनची. इंग्लंडमधल्या एका अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, मंडळीला आमच्याशी मैत्री जोडायची आहे. छपरासाठी दोन लाख रुपये द्यायचीही त्यांची तयारी आहे. आम्ही अँग्लिकन धरले जातो का? पैसे मंडळीच्या खात्यावर घ्यावेत का?
— मंडळीचे सचिव, मिरज तालुका

उत्तर : 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन तुमचं चर्च झालं. अँग्लिकन चर्च त्यांतलं एक, आणि आज तुमचं चर्च अँग्लिकन कम्युनियनचं, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन चर्चच्या परिवाराचं, पूर्ण सभासद आहे. त्यामुळे मैत्रीला अडचण नाही. फक्त तुमची उपासना त्यांच्यासारखी नसेल, हे पहिल्याच पत्रात सांगा.

पैसे मात्र मंडळीच्या खात्यावर अजिबात घेऊ नका. 2010 च्या एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या, कायद्यानुसार त्यासाठी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि रक्कम आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. नोंदणीसाठी साधारणपणे संस्थेला तीन वर्षं झालेली असावी लागतात आणि त्या काळात कामावर 15 लाख खर्च झालेला असावा लागतो. लहान मंडळीला हे कुठून जमणार? पूर्वपरवानगी मिळू शकते, पण देणाऱ्यांचं रक्कम आणि कारण लिहिलेलं पत्र जोडावं लागतं.

‘धर्मप्रांताची (बिशपच्या विभागाची) नोंदणी आहे, तिथून आमच्याकडे वळते करतील’ असं बरेच जण गृहीत धरतात. घोटाळा होतो तो इथेच. 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. तुमची मंडळी त्या नोंदणीकृत संस्थेचाच भाग असेल, तर त्या संस्थेने ठेकेदाराला थेट पैसे द्यावेत आणि बिलही तिच्याच नावाचं असावं. मंडळीचा ट्रस्ट वेगळा असेल तर ही वाट बंद. नोंदणीकृत संस्थेने वार्षिक विवरण 31 डिसेंबरपर्यंत भरायचं, वर्षभरात एक रुपया आला नसला तरी.

आणखी एक : परदेशी पाहुण्याने अर्पणाच्या थैलीत पाचशेची नोट टाकली, तर तोही परदेशी निधीच. मात्र दुबईत नोकरी करणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या आपल्या मुलाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी त्यात मोडत नाही.

म्हणून आमचं मत : पहिलं वर्ष पैशाविना जाऊ द्या. दर महिन्याला एकमेकांच्या प्रार्थनाविषयांची यादी, एक पत्र, एखादं भजन अर्थासह. करार तीन वर्षांचा आणि लेखी करा. दोन्हीकडे दोन-दोन माणसं नेमा आणि त्यांतलं एक तरी पाळक (मंडळीचे धर्मगुरू) सोडून असू द्या. पाळकांची बदली झाली की पत्रव्यवहार थांबतो. अशा मैत्री बहुधा तिथेच आटतात. व्हिडिओवर एकत्र उपासना ठरवताना वेळ तपासा. त्यांचे सकाळचे 10 म्हणजे हिवाळ्यात आपले दुपारचे साडेतीन, उन्हाळ्यात अडीच. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात, आणि नेमक्या त्याच रविवारी आपली माणसं रिकाम्या पडद्यासमोर बसून राहतात.

प्रश्न : नाताळात येणाऱ्या परदेशी पाहुण्यांनी उपदेश केला तर चालेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पर्यटक व्हिसावर आले असतील तर नाही. उपासनेला बसायला हरकत नाही. उपदेश, भाषण, पत्रकं वाटणं चालत नाही. घरी उतरवणार असाल तर 24 तासांत त्यांची ऑनलाइन नोंद करा. त्यांना साताऱ्याचं काही सांगायचंच असेल, तर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये इथे सुरू केलेल्या ‘देवाचा दरबार’ या ख्रिस्तभक्तांच्या मेळाव्याविषयी सांगा. बोलायचं तुम्ही, ऐकायचं त्यांनी.