कूपनने खरंच पैसे वाचतात का: एडिसनमधला माझा हिशोब

अगं तुझा प्रश्न वाचला. न्यू जर्सीतल्या एडिसनला येऊन चार महिने, नवऱ्याच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या एच-4 व्हिसावर घरी, पदरात सहा महिन्यांची मुलगी, एकाच्या पगारात ग्रोसरीचं बिल काही केल्या आवरत नाहीये, आणि शेजारची अमेरिकन बाई कूपनांची जाडजूड फाइल दाखवून सांगते की आमचं निम्म्यात भागतं, तर हे खरं असतं का आणि आपल्याला जमेल का. खरं असतं गं. पण तिच्या घरी जे शिजतं ते तुझ्या घरी शिजत नाही, सगळी मेख तिथेच आहे.

कूपन काढतं कोण ते आधी बघ. सीरियल, सॉस, फ्रोझन पिझ्झा, टूथपेस्ट, डिटर्जंट बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या. ती जाहिरातच असते, कोका-कोलाने 1880 च्या दशकाच्या शेवटी एक ग्लास फुकट अशी तिकिटं वाटली होती तेव्हापासून हेच चाललंय, एकदा चव लावायची. तूरडाळ, पोहे, कोथिंबीर, वांगी यावर कूपन कोण काढणार? त्यामुळे आपल्या स्वयंपाकाच्या सामानावर कूपनने फारसं काही वाचत नाही, तिथे ओक ट्री रोडवरच्या पटेल ब्रदर्सचे आणि बाकी देशी दुकानांचे आठवड्याचे फ्लायर बघायचे, डाळ-आटा मोठ्या बॅगेत घ्यायचा, बस. कूपन वापरायचं ते मोरीतल्या आणि सिंकखालच्या सामानासाठी. डिटर्जंट, भांड्यांचा साबण, टूथपेस्ट, शाम्पू, डायपर. या सामानाचं बिल वेगळं काढून बघ एकदा, वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त निघतं.

हे मला कळायला दीड वर्ष गेलं. मी 2011 मध्ये आले तेव्हा इथे कूपनचं नुसतं वेड होतं, टीव्हीवर बायका गाड्या भरभरून फुकट सामान नेताना दाखवायचे. मीही रविवारचा पेपर घेऊन कात्री चालवत बसायचे. एकदा सॅलड ड्रेसिंग सेलवर होतं, वर कूपनं होती, बाटली जवळजवळ फुकट पडत होती म्हणून सहा आणल्या. आम्ही कोशिंबीर खाणारी माणसं, दही-दाण्याचं कूट घालणारी! नवऱ्याने काही न बोलता त्या फ्रिजवर ओळीने मांडून ठेवल्या, येणारा-जाणारा विचारायचा हे काय. शेवटी तारीख उलटली आणि पाच बाटल्या तशाच टाकल्या. तेव्हापासून माझा नियम, जी वस्तू मागच्या दोन महिन्यांत घरात संपली नाही तिचं कूपन घ्यायचंच नाही.

आता वापरायचं कसं. पेपरातली कूपनं जवळपास गेलीच, आपला स्टार-लेजर तर फेब्रुवारी 2025 पासून छापायचाच बंद झाला. हल्ली सगळं दुकानाच्या अ‍ॅपवर, शॉपराइट सुपरमार्केटला प्राइस प्लस कार्ड फुकट मिळतं, त्या अकाउंटवर कूपन आधी क्लिप करावं लागतं, म्हणजे अ‍ॅपमध्ये निवडून जोडून ठेवावं लागतं. न क्लिप करता कॅशियरला फोन दाखवून उपयोग नाही, आणि रांगेत उभं राहून क्लिप करायला जावं तर नेमकं नेटवर्क जातं.

कूपनचे दोन प्रकार, कंपनीचं ते मॅन्युफॅक्चरर कूपन आणि दुकानाचं ते स्टोअर कूपन. एका वस्तूवर कंपनीचं एकच चालतं, म्हणजे डिजिटल लावलं की त्याच बाटलीवर कागदी चालत नाही, पण एक कंपनीचं आणि एक दुकानाचं असं बऱ्याच ठिकाणी चालतं. बारीक अक्षरं वाचायचीच. कूपनवर चित्र छापतात सगळ्यात महागड्या व्हरायटीचं आणि खाली लिहिलेलं असतं की अमुक औंसाच्या वरची कुठलीही चालेल. उलटंही होतं, ट्रॅव्हल साइज चालत नाही असं लिहिलेलं असतं आणि आपण नेमकी तीच उचलतो.

आणि कूपन मिळालं म्हणून लगेच धावायचं नाही. सेल लागेपर्यंत थांबायचं. समजा 92 औंसाच्या डिटर्जंटची किंमत 12.99 आणि कूपन 2 डॉलरचं. तसंच घेतलंस तर 10.99, म्हणजे औंसाला साधारण 12 सेंट. बाजूलाच स्टोअर ब्रँडची 100 औंसाची बाटली 7.99 ला असेल तर ती 8 सेंटला पडते, म्हणजे कूपन लावून तू जास्तच पैसे दिलेस. तेच डिटर्जंट सेलमध्ये 8.99 ला आलं आणि मग कूपन लावलं तर 6.99, औंसाला साडेसात सेंटच्या आसपास, आता घे, दोन घे. हा गुणाकार-भागाकार डोक्यात करायची गरज नाही, शेल्फवरच्या किमतीच्या टॅगवर कोपऱ्यात युनिट प्राइस छापलेली असते, फक्त दोन्ही टॅगवर माप एकच आहे ना ते बघ, एकावर औंस आणि दुसऱ्यावर पौंड असलं की गडबड होते. शॉपराइटचा स्वतःचा बोल अँड बास्केट ब्रँड मी साखर, मीठ, कॅनमधले राजमा-छोले यासाठी डोळे मिटून घेते, कूपनच्या भानगडीत पडत नाही. कॅन भरायचे तर जानेवारीत, तेव्हा त्यांचा कॅन कॅन सेल असतो.

टॅक्सचा एक बारकावा कोणी सांगत नाही. न्यू जर्सीत भाजी-डाळीवर टॅक्स नाही, टॉयलेट पेपर आणि डायपरवर पण नाही, पण डिटर्जंट, कँडी, सोडा यांवर 6.625 टक्के आहे. कंपनीचं कूपन लावलं तरी टॅक्स आधीच्या किमतीवर लागतो, वरच्या उदाहरणात 6.99 वर नाही तर 8.99 वर, साधारण 60 सेंट. दुकानाचं कूपन असेल तर उरलेल्या किमतीवर. पावती बघून कॅशियरशी वाद घालू नकोस, मी घातलाय, मागे रांग होती, फार लाज वाटली नंतर.

कॉस्टको आणि आल्डी कंपन्यांची कूपनं घेत नाहीत, तिथे फाइल नेऊ नकोस. कॉस्टकोची स्वतःची सूट असते ती बिलात आपोआप कापली जाते. फेसबुकवर कॉस्टकोचं 75 डॉलरचं कूपन म्हणून मेसेज फिरायचा तो खोटा होता, कंपनीने स्वतःच तसं सांगितलं होतं. असलं काही आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं तर उघडायचं नाही, कोणत्याही काकूंनी पाठवलेलं असो.

सीव्हीएस या औषधांच्या दुकानाची हातभर लांब पावती फेकू नकोस, तिच्या शेपटाला कूपनं असतात. एक्स्ट्राबक्स, म्हणजे तिथेच पुढच्या खरेदीत वापरायची सूट, मिळाले तर तारीख बघून पुढच्या फेरीत टूथपेस्टवर संपवायचे, नाहीतर ते वाचवायच्या नादात अजून काहीतरी घेतलं जातं. मुळात तिथल्या किमतीच चढ्या असतात. 'दहा वस्तू 10 डॉलरला' अशी पाटी दिसली तर बहुतेक वेळा दहा घ्याव्या लागत नाहीत, एक घेतली तरी एकच डॉलर, पण पाटीखाली 'मस्ट बाय' लिहिलंय का ते बघून घे. सेलची वस्तू संपली असेल तर कस्टमर सर्व्हिसला रेन चेक माग, बऱ्याच दुकानात देतात, माल आला की त्याच भावात मिळतो.

वेळ किती घालवायचा? मी रविवारी चहा पिता पिता वीस मिनिटं बसते, यादी आधी आणि अ‍ॅप नंतर. उलटं केलं की यादी अ‍ॅपच लिहितं.

राहिलं डायपर. तुझी सगळ्यात जास्त बचत इथेच होईल. ब्रँडच्या अ‍ॅपवर नाव नोंदव, कूपनं येत राहतात, ती दुकानाच्या सेलबरोबर वापर. फक्त आत्ताच्या मापाचे पाच-सहा बॉक्स भरून ठेवू नकोस, माझ्या भाचीने केलं आणि बाळ महिनाभरात त्या मापाबाहेर गेलं. सहा महिन्यांची आहे ना, मग साठवायचे तर साइज 3 साठव, 16 ते 28 पौंडापर्यंत चालतो, बरेच महिने पुरतो. आणि बॉक्सची पावती जपून ठेव, न फोडलेला असेल तर बऱ्याच ठिकाणी माप बदलून देतात.