लोकेशन बंद असतानाही मोबाइल कंपनीला आपण कुठे आहोत ते कळतं का?

हो, कळतं. पण लोक समजतात तितकं नेमकं नाही, आणि तुमच्या भावाच्या बाबतीत सगळं त्यावरच अवलंबून आहे. तुम्ही लिहिलंय की त्या रात्री तो कोथरूडला घरीच होता, फोनचं लोकेशन बंद होतं, तरी चौकशीत त्याचं ‘टॉवर लोकेशन’ कर्वेनगरचं निघालं. मी पुण्यात ड्राइव्ह टेस्टचं काम करतो, म्हणजे गाडीत फोन आणि लॅपटॉप घेऊन कुठे कुठला टॉवर लागतो ते मोजत फिरतो. तुमचा भाऊ घरीच असेल आणि कागदावर कर्वेनगर आलं असेल, हे अगदी शक्य आहे.

जीपीएस बंद केल्याने इथे काही फरक पडत नाही. फोन चालू आहे म्हणजे नेटवर्कला त्याचा ठावठिकाणा ठेवावाच लागतो, नाहीतर कॉल पोचवणार कुठे? फोन नुसता खिशात असतो तेव्हा तो अमुक एका ट्रॅकिंग एरियात आहे एवढंच नेटवर्कला माहीत असतं, आणि त्या एरियात बरेच टॉवर येतात. कॉल आला की त्या सगळ्यांवरून हाक जाते, फोन ओ देतो आणि मग नेमका सेल ठरतो. कॉल सुरू होताना आणि संपताना जो सेल असतो, त्याचा आयडी रेकॉर्डमध्ये लागतो. ही रेकॉर्ड ठेवण्याची मुदत डिसेंबर 2021 मध्ये 1 वर्षावरून 2 वर्षं केली गेली.

आता सेल म्हणजे अख्खा टॉवर नव्हे, त्यावरच्या एका अँटेनाचा टप्पा. टॉवरवर साधारण तीन दिशांना अँटेना असतात, प्रत्येकीच्या वाट्याला 120 अंश; त्या भागाला सेक्टर म्हणतात. रेकॉर्डमध्ये पत्ता मात्र टॉवरचा येतो, आणि घोळ तिथेच होतो. वाचणाऱ्याला वाटतं माणूस त्या पत्त्यावर होता. खरं तर तो त्या अँटेनाच्या टप्प्यात कुठेतरी होता.

शिवाय फोन जवळचाच टॉवर धरतो असंही नाही. सिग्नल कुठला चांगला मिळतोय, कुठल्या सेलवर गर्दी आहे, मध्ये काय आडवं येतंय, यावर ते ठरतं. कोथरूडमध्ये टेकडीच्या उतारावर वरच्या मजल्यावरचं घर असेल तर समोर अडथळाच नसतो. कर्वेनगर सोडा, नदीपलीकडचा सिंहगड रस्त्याकडचा टॉवरही लागू शकतो. सिंहगडावर तर फोनला खूप लांबचे टॉवर दिसतात.

अंतराचा अंदाज नेटवर्कला येतो. सिग्नल यायला जायला लागणाऱ्या वेळेवरून टायमिंग अडव्हान्स नावाचा आकडा ठरतो. 2जी मध्ये त्याची एक पायरी साधारण 550 मीटरची, 4जी मध्ये सुमारे 78 मीटरची. पण हे फक्त अंतर झालं, दिशा नाही. टॉवरपासून अर्धा किलोमीटरवर एका सेक्टरमध्ये तो जवळजवळ एक किलोमीटर लांबीचा वाकडा पट्टा होतो. एवढ्या पट्ट्यात किती सोसायट्या येतात ते तुम्हीच बघा. तीन-चार टॉवरवरून एकाच वेळी मोजलं तर जागा बरीच आवळता येते, पण ते मुद्दाम करावं लागतं. जुन्या कॉल रेकॉर्डवरून ते मागाहून काढता येत नाही.

तेव्हा वकिलांना दोन गोष्टी मागवायला सांगा. एक, नुसता टॉवरचा पत्ता नको, सेल आयडीबरोबर त्या सेक्टरची दिशा म्हणजे अझिमथ. ती नकाशावर काढून घर त्यात येतं का ते पाहा. दुसरी जास्त कामाची: त्या रात्रीचं एकच पान न बघता आधीच्या महिन्या-दोन महिन्यांचं रेकॉर्ड. रात्री उशिरा, पहाटे, रविवारी सकाळी, भाऊ घरी असतो अशा वेळच्या कॉलना तोच सेल आयडी पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर तो सेल घरातून लागतो हे कंपनीच्याच कागदावरून दाखवता येईल.